गोड्या पाण्याच्या काठचा रस्ता

अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेडहून अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याकडे निघालेला रस्ता सातपुड्याला डाव्या हाताला ठेवून चालतो. डोंगर कधी जवळ येतो, कधी धुरकट रेघेइतका मागे सरतो, पण नजरेआड होत नाही. आडगाव, अकोट, पणज, अंजनगाव सुर्जी, पथ्रोट ही गावे या वाटेवर ओळीने लागतात आणि परतवाड्यापुढे बहिरमवरून वाट मध्य प्रदेशातल्या बैतुलकडे चढते. वर्षानुवर्षे राज्यमार्ग म्हणून ओळखल्या गेलेल्या या वाटेचा अकोट ते बैतुल हा भाग आता राष्ट्रीय महामार्ग ५४८ सी मध्ये मोडतो. हा महामार्ग साताऱ्याहून निघतो आणि अकलूज, बार्शी, लोणार, मेहकर, खामगाव, शेगाव करत अकोटला पोचतो. या क्रमांकाच्या भरवशावर कोणी सातारकर बैतुलला निघेल असे वाटत नाही. अंजनगावात तर हा रस्ता एका बाजूला ‘अकोट रोड’ आणि दुसऱ्या बाजूला ‘परतवाडा रोड’ एवढाच आहे.

रस्ता नेमका इथूनच का गेला, याचे उत्तर विहिरींत सापडते. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी हजारो वर्षे दगडगोटे, वाळू आणि मुरूम आणून पायथ्याशी पसरला. भूजलाचे अभ्यासक या पट्ट्याला ‘बझाडा’ म्हणतात. पावसाचे पाणी त्यात झरझर मुरते आणि विहिरीला गोडे पाणी लागते. तिथून दक्षिणेला, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, खारपाण पट्टा सुरू होतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या आठशेहून अधिक गावांत जमिनीखालचे पाणी खारे आहे. ते ना पिण्याच्या कामाचे, ना ओलिताच्या. त्यामुळे मोठी वस्ती, बागायत आणि बाजार पायथ्याशी जमले आणि त्यांना जोडणारी वाटही तिथेच पडली. मातीचाही यात हात आहे. पूर्णाकाठची काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओली असताना बंडीचे चाक आऱ्यांपर्यंत गिळते. पायथ्याच्या मुरमाड जमिनीवर निदान पाऊल तरी टिकते. त्या बदल्यात सातपुड्यातून येणारा प्रत्येक नदी-नाला या रस्त्याला आडवा जातो, म्हणून इथे कैक पूल आणि फरशा बांधाव्या लागल्या.

ही वाट इंग्रजांच्या आधीची आहे. तिच्या पूर्व टोकाला अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर. १४९० मध्ये फतहुल्ला इमाद-उल-मुल्काने बहमनी सत्तेपासून फुटून वऱ्हाडची इमादशाही उभी केली, तिची ही राजधानी. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ते राज्य गिळले, तरी वऱ्हाडचे मुख्य ठाणे म्हणून एलिचपूरचे महत्त्व उरले. वाटेच्या उत्तरेला डोंगरात दोन किल्ले पहाऱ्याला बसलेले आहेत: अकोटच्या वर नरनाळा आणि अचलपूरच्या वर गाविलगड. मैदानातून बुऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या खिंडी या दोघांच्या नजरेत राहत.

१८०३ च्या अखेरीस या वाटेने एका महिन्यात जे पाहिले, ते तिने पुन्हा कधी पाहिले नाही. २९ नोव्हेंबरला आडगाव आणि शिरसोलीच्या दरम्यानच्या शेतांत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेची नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याशी आणि शिंद्यांच्या घोडदळाशी गाठ पडली. लढाई दिवस कलताना सुरू झाली आणि पाठलाग चांदण्यात चालला. इंग्रजी कागदांत या गावाचे नाव ‘अर्गॉम’ असे पडले. ५ डिसेंबरला फौज एलिचपुरात आली. गाविलगड घ्यायचा तर जड तोफा किल्ल्याच्या उत्तरेला नेणे भाग होते, आणि तिकडे गाडीवाट नव्हती. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने आजच्या धामणगाव गढीच्या बाजूने डोंगरात शिरून, झाडे तोडत आणि दगड हलवत रस्ता केला. तोफा हातांनी ओढत नेल्या. तीस मैलांसाठी जवळपास पाच दिवस लागले. १५ डिसेंबरला किल्ला पडला, १७ ला भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि ३० ला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. शाळेच्या पुस्तकात हे दुसरे नाव घोकून पाठ केलेल्या पुष्कळांना ते गाव अकोट-परतवाडा रस्त्यावर बसथांब्यासह उभे आहे, हे ठाऊक नसते. धामणगाव गढीवरून आजही परतवाड्याच्या गाड्या चिखलदऱ्याला चढतात.

युद्धानंतर वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे गेला आणि एलिचपूरशेजारी त्याच्या फौजेची छावणी बसली. तीच पुढे परतवाडा झाली. अचलपूर आणि परतवाडा एकमेकांना इतके चिकटले आहेत की बाहेरच्या माणसाला ते एकच गाव वाटते. मात्र एक राजधानी होती आणि दुसरी छावणी, हा फरक त्यांच्या गल्ल्यांच्या आखणीत अजून दिसतो. मेळघाटातले सागवान याच परतवाड्यात उतरते आणि इथल्या लाकूड डेपोंत त्याचा लिलाव होतो.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि दहा-पंधरा वर्षांत पायथ्याच्या वाटेचे दिवस फिरले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लोहवाट भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी खोऱ्याच्या मधोमध टाकली गेली आणि १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आणून दिलेला तो काळ. आता गाठी बैलांच्या पाठीवरून लांबच्या वाटांनी नेण्याचे कारण उरले नाही. त्या स्टेशनवर पोचल्या म्हणजे झाले. सरकारचा खडी-मुरमाचा पैसा त्यामुळे उत्तर-दक्षिण रस्त्यांवर पडला: अकोला ते अकोट, मूर्तिजापूर ते दर्यापूर, अमरावती ते एलिचपूर. रेल्वे हा माशाचा कणा मानला तर हे सगळे रस्ते म्हणजे त्याचे काटे, आणि पूर्व-पश्चिम जाणारी जुनी पायवाट त्या काट्यांची टोके जोडणारी शिवण होऊन राहिली. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हाच मोडून अमरावतीत मिसळला, तेव्हा तिचा उरलासुरला रुबाबही गेला.

रेल्वेने या पट्ट्याला अगदीच वाऱ्यावर सोडले नाही. मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद मापाची ‘शकुंतला’ पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर सुरू झाली. दर्यापूरची प्रवासी मंडळी तिच्यासाठी बनोसा स्टेशनवर जमत. अंजनगावहून पथ्रोटमार्गे अचलपूरला जाताना ती या रस्त्याची सोबत करी. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले तिचे वाफेचे इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत धावले. पश्चिमेला अकोट, आडगाव, हिवरखेड ही स्टेशने अकोला-खंडवा मीटरगेजवर होती. हिवरखेडनंतर ती गाडी मेळघाटात शिरे आणि धुळघाटापाशी पूर्ण वेढा घेऊन स्वतःच्याच रुळावरून वर चढे. आज दोन्ही ठिकाणी रूळ मुके आहेत. अकोटपुढचे मीटरगेज २०१७ पासून बंद आहे, कारण ब्रॉडगेज व्याघ्र प्रकल्पातून न्यायचे की जंगलाबाहेरून, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. त्यामुळे ज्या रस्त्याला रेल्वेने मागे टाकले होते, त्याच्याच अंगावर आता एसटी, ट्रक आणि काळी-पिवळीचा सगळा भार आहे.

रेल्वेच्या कण्याला जोडलेले हे उत्तर-दक्षिण ‘काटे’ किती नाजूक असतात हे अकोला-अकोट रस्त्याने दाखवून दिले. गांधीग्रामजवळ पूर्णेवर इंग्रजी अमदानीतला पूल होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला तडे गेले, वाहतूक थांबली आणि अकोटकरांना लांबचे फेरे पडले. योगायोग असा की अकोला-अकोट ब्रॉडगेजची गाडी पुढच्याच महिन्यात सुरू झाली. याच गांधीग्रामहून श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी हजारो कावडधारी पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराला पायी जातात.

या वाटेला आधी राज्यमार्ग आणि मग राष्ट्रीय महामार्ग म्हटले गेले, त्यामागची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची वर्गवारी ठरली ती १९४३ च्या ‘नागपूर योजने’त. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात होता, म्हणजे ही योजना त्याच्या स्वतःच्या राजधानीत जन्मली. १९५६ मध्ये वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. या अदलाबदलीत परतवाडा-बैतुल हा टप्पा दोन राज्यांत वाटला गेला.

रस्त्याकडेचे पीक पाहिले तर पायथ्याच्या पाण्याची कथा पुन्हा वाचता येते. अकोटला कापसाचा बाजार आणि एके काळी सतरंज्यांची ख्याती. पणजच्या शिवारात केळी. अंजनगाव, पणज, हिवरखेड या भागांत बारी समाजाचे पानमळे आणि त्यांच्याच सावलीत वाढणारी पानपिंपळी. औषधी बाजारात मान असलेले हे पीक वऱ्हाडात याच पट्ट्यात रुजले, कारण त्याला सावली, ओल आणि गोडे पाणी तिन्ही लागतात. अचलपूरकडे सरकताना संत्र्याचे बगीचे सुरू होतात. या सगळ्यासाठी उपसा इतका झाला की विहिरी कोरड्या पडून बोअर खोल खोल जात राहिल्या. दुसरीकडे, वान धरणाचे पाणी ८४ खेडी योजनेच्या नळांतून खारपाण पट्ट्यात उतरते. पूर्वी माणसे पाण्यापाशी येऊन वसली. आता पाणी रस्ता ओलांडून माणसांकडे जाते.

परतवाडा सोडल्यावर खरपीहून मुक्तागिरीला फाटा आहे. तिथली ५२ जैन मंदिरे बैतुल जिल्ह्यात मोडतात, पण यात्रेकरू उतरतात परतवाड्याला. मुख्य रस्ता बहिरमला जातो. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथे भैरवाची यात्रा भरते आणि महिनाभराहून अधिक चालते. पूर्वी कुटुंबेच्या कुटुंबे बंड्या, रेंग्या जुंपून येत आणि राहुट्या ठोकून मुक्काम करीत. आता मोटारी येतात, राहुट्या तरीही लागतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे आणि मातीच्या हंडीतले मटण खाल्ल्याशिवाय कोणी परतत नाही. त्यापुढे घाट सुरू होतो आणि पाट्या हिंदीत दिसू लागतात.