विमा कुणाचा, जोखीम कुणाची?

चेन्नईतील नुंगंबाक्कम भागात अँडरसन रोडवर ब्रिटनचे उपउच्चायुक्तालय आहे. अमेरिकी वाणिज्य दूतावासही जवळच. परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारी कार्यालये या परिसरात अनेक आहेत. तेथे प्रवेश, कर्ज आणि व्हिसा यांवर तासन्‌तास चर्चा होते. विमा मात्र कागदपत्रांच्या यादीतील अखेरची ओळ ठरतो. पुण्या-नागपुरातील पालकांचा अनुभवही याहून वेगळा नसावा.

विमा नसतो, असे नव्हे. ब्रिटन विद्यार्थ्यांकडून वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार आगाऊ घेते. ऑस्ट्रेलियात व्हिसाच्या संपूर्ण मुदतीचा आरोग्यविमा सक्तीचा आहे. जर्मनीत त्याविना विद्यापीठात नावनोंदणी होत नाही. हे नियम रास्तच. परंतु त्यांत यजमान देशाने आपल्या तिजोरीची काळजी वाहिली आहे. कर्जाला जोडलेला जीवनविमा प्रथम बँकेचे येणे सुरक्षित करतो. उघडे राहते ते कुटुंब.

खरी जोखीम पदवीनंतर सुरू होते. बँकांच्या आदर्श कर्जयोजनेत अभ्यासक्रमानंतर वर्षभराने हप्ते सुरू होतात आणि परतफेड १५ वर्षांपर्यंत चालते. दुसरीकडे, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बहुसंख्य पदवीधरांना ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर दोन वर्षांऐवजी १८ महिनेच राहता येईल. अमेरिकेत शिक्षणोत्तर प्रशिक्षणाच्या पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांहून अधिक बेरोजगारी चालत नाही. विद्यापीठाचा आरोग्यविमाही बहुधा अभ्यासक्रमाबरोबर संपतो. म्हणजे नोकरीची अनिश्चितता सर्वाधिक असते, नेमके तेव्हाच संरक्षण विरळ होते.

दुर्घटनांचा प्रश्न याहून गंभीर. जुलै २०२४ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितले की, त्याआधीच्या पाच वर्षांत ६३३ भारतीय विद्यार्थी परदेशात मरण पावले. त्यांपैकी १७२ कॅनडात. अशा वेळी पार्थिव मायदेशी आणण्यासाठी अनेकदा वर्गणी गोळा करावी लागते.

शासनाला हा विषय अपरिचित नाही. दहावीपेक्षा कमी शिकलेला कामगार आखातात नोकरीसाठी निघाला, तर त्याला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास तीत दहा लाख रुपयांचे संरक्षण मिळते; दोन वर्षांचा हप्ता, कर वगळता, २७५ रुपये. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतही वैद्यकीय विम्याचा हप्ता धरलेला आहे. कर्ज काढून जाणारा मध्यमवर्गीय विद्यार्थी मात्र या दोन्ही छत्रांबाहेर राहतो.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. प्रवासी भारतीय विमा योजना विद्यार्थ्यांना ऐच्छिक स्वरूपात खुली करावी आणि पार्थिव आणण्याचा व आप्तांच्या तातडीच्या प्रवासाचा खर्च तीत धरावा. कर्जाच्या मंजुरीपत्रात विमा संपण्याची, परवाना संपण्याची आणि पहिल्या हप्त्याची तारीख शेजारी-शेजारी छापणे बँकांवर बंधनकारक करावे. नोकरीविना परतणाऱ्या विद्यार्थ्यास हप्त्यांसाठी आणखी वर्षभराची सवलत मागता यावी.

यांतील एकाही उपायाने परदेशी नोकरीची हमी मिळणार नाही. ती कोणतेच सरकार देऊ शकत नाही. पण नोकरी न मिळाल्याची किंमत आई-वडिलांच्या घराने चुकवावी, हे अटळ नाही. घर गहाण ठेवण्यापूर्वी त्या तीन तारखा त्यांना ठाऊक असणे, हा त्यांचा किमान हक्क आहे.