हावड्याचा पूल आणि कापडाचा गठ्ठा

कलकत्त्याला खरेदीला जाणाऱ्या आम्हा कापडवाल्यांना हावडा स्टेशनबाहेरचा बसअड्डा चांगलाच परिचित. शेजारी 1943 साली खुला झालेला पूल, पलीकडे बडाबाजार. मार्च 2024 पासून हुगळीच्या खालून मेट्रो धावते. प्रवाशांची सोय झाली, आनंद आहे. पण कापडाचा गठ्ठा काही मेट्रोत चढत नाही! तो आजही हमालाच्या डोक्यावरून पूल ओलांडतो. अड्ड्यावर बसच्या गर्दीत गठ्ठा टेकवायचा कुठे? पावसात चार थान भिजले की फेरीचा नफा गेलाच. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की अड्ड्याची सुधारणा करताना माल चढवण्या-उतरवण्यासाठी छपराखाली वेगळी जागा राखावी आणि गर्दीचे कारण दाखवून हमालांना तेथून हुसकू नये.