मालकाचे नाव पाटीवर, मिस्त्रीचे कुठे?

जुन्या मोटारींच्या हौशी मंडळांविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात दोनच सूर आढळतात. एक कौतुकाचा: किती सुंदर गाडी, किती निगा राखली आहे, या वयातही कशी धावते पाहा! दुसरा उपहासाचा: पैसेवाल्यांचे चोचले, दुसरे काय! हे दोन्ही सूर आम्हांला अपुरे वाटतात. कौतुक करणारा गाडीच्या रंगापाशी थांबतो आणि उपहास करणारा मालकाच्या खिशापाशी. जुन्या गाड्यांचे मंडळ ही मुळात स्मृती जपणारी संस्था आहे. ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय किंवा इतिहास संशोधक मंडळ यांच्या पंक्तीत तिला बसवावे, असे आमचे मत आहे. मात्र एकदा त्या पंक्तीत बसवले की तिला अवघड प्रश्न विचारण्याचाही अधिकार आपल्याला प्राप्त होतो. ही मंडळे नेमकी कोणाची स्मृती जपतात, हा त्यांपैकी पहिला प्रश्न.

या छंदाचा उगम पाहिला तर तो केवळ मिरवण्याच्या हौसेत नाही. यंत्रावर चालणाऱ्या वाहनापुढे एक माणूस चालत ठेवण्याची सक्ती ब्रिटनमध्ये १८९६ साली कायद्याने उठली आणि तो आनंद साजरा करण्यासाठी त्या वर्षी १४ नोव्हेंबरला मोटारी लंडनहून ब्रायटनला निघाल्या. आज दरवर्षी त्याच मार्गावर १९०५ पूर्वीच्या गाड्या धावतात, त्या या सुटकेच्या स्मरणार्थ. म्हणजे या परंपरेच्या मुळाशी एक सार्वजनिक घटना आहे. १९३० साली तिथे व्हेटरन कार क्लब स्थापन झाला. आपल्याकडे दिल्लीत 'द स्टेट्समन' या वृत्तपत्राने १९६४ साली जुन्या गाड्यांची फेरी सुरू केली. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया ही संस्था आहे, आणि इतर शहरांतही लहानमोठी मंडळे आहेत.

या मंडळांचे सामाजिक जीवन बाहेरून दिसते त्याहून गुंतागुंतीचे असते. वर्षातून एखादी फेरी निघते, झेंडा दाखवला जातो, परीक्षक वाकून वाकून बॉनेटखाली पाहतात, बक्षिसे वाटली जातात, सहकुटुंब जेवण होते. हा झाला उत्सव. उरलेले वर्ष निराळ्या व्यवहारात जाते. एकाकडे जुन्या गाडीचा दिवा असतो, दुसऱ्याकडे त्या दिव्याची काच; एकाकडे गाडी असते, दुसऱ्याकडे तिचे माहितीपुस्तक. सुटा भाग कुठे मिळेल, नसल्यास कोण करून देईल, अमुक रंगाची छटा मूळची की मागाहूनची, यांवर तासन् तास वाद चालतात. जात, व्यवसाय, वय यांची कुंपणे एखाद्या कार्ब्युरेटरपुढे काही काळ तरी गळून पडतात. आपल्या समाजात अशा जागा फार नाहीत, आणि म्हणूनच या मंडळांना हसण्यावारी नेणे आम्हांला मान्य नाही.

परंतु प्रदर्शनात गाडीपुढे जी पाटी लावलेली असते ती एकदा लक्षपूर्वक वाचावी. बनावट, साल, अश्वशक्ती, मूळ मालक (तो संस्थानिक असेल तर ठळक अक्षरांत) आणि आजचा मालक. या दोन मालकांच्या मध्ये कित्येक दशकांचा काळ पसरलेला असतो. परदेशी गाड्यांच्या आणि त्यांच्या भागांच्या आयातीवर कडक निर्बंध होते तो हा काळ. १९७१ साली तनखे बंद झाले आणि अनेक राजवाड्यांतल्या गाड्या विकल्या गेल्या किंवा गोठ्यात जाऊन बसल्या. या काळात गाडी जिवंत राहिली ती कोणाच्या हातांनी? कोणीतरी लेथवर बुशिंग कातले, कोणीतरी झिजलेला सिलिंडर रीबोअर करून दुसऱ्याच गाडीचा पिस्टन त्यात बसवला, कोणीतरी पुठ्ठा कापून गॅस्केट केले. त्या कोणीतरीचे नाव पाटीवर नसते. मूळ मालक इतिहास म्हणून उरतो, आजचा मालक वर्तमान म्हणून मिरवतो, आणि मधला मिस्त्री 'अज्ञात' या सदरात जातो.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात ही उणीव विशेष खटकते. (हे दोन्ही एकेकाळी एकच, १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि पुढे त्याचे नाव सांगली पडले.) इथे संस्थानांची दाटी होती: औंध, फलटण, सांगली, मिरज, जत. त्यामुळे 'राजेसाहेबांची गाडी' ही गोष्ट इथल्या लोकस्मृतीत सहज मुरलेली आहे. शेजारच्या कोल्हापुरात तर दसऱ्याच्या सोहळ्यात छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी आजही दसरा चौकात येते आणि लोक तिच्याकडे घरच्या वडीलधाऱ्या माणसाकडे पाहावे तसे पाहतात. आम्हांला ते दृश्य प्रिय आहे. पण संस्थानांनी या मुलखाला केवळ गाड्या दिल्या नाहीत. सायकलींच्या दुकानापासून बेळगावात सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या अधिपतींनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. लोखंडी नांगर आणि डिझेल इंजिने करणारे हे गृहस्थ १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही होते. संस्थानिकाने विकत घेतलेली मोटार आणि संस्थानिकाने माळावर वसवू दिलेला कारखाना, यांपैकी वारसा कोणता? दोन्ही, असे उत्तर कोणीही देईल. मग फेरी फक्त पहिल्याचीच का निघते?

नांगर, पंप आणि इंजिने यांच्या या परिसरात लोखंड जाणणारी पिढी तयार झाली. उसाला पाणी पाजणारे इंजिन ऐन उन्हाळ्यात बंद पडले तर मुंबईहून भाग येईपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते. जो भाग मिळत नाही तो करायचा, हा इथला रिवाजच झाला. हेच हात पुढे मोटारींकडे वळले. जीपमध्ये डिझेल इंजिन बसले, मागे बाकडी लागली, आणि तिचे 'वडाप' झाले. 'वडाप' हा शब्द पुण्याच्या पलीकडच्या वाचकास कदाचित समजावून सांगावा लागेल. कराड, विटा, तासगाव, जत इकडच्या माणसाला तो सांगण्याची गरज नाही. एसटी न पोहोचलेल्या वाडीवस्तीवरच्या बाळंतिणी, शाळकरी पोरे आणि बाजाराच्या पाट्या त्या गाड्यांनी वाहिल्या. त्यांतली एकही कोणत्या प्रदर्शनात उभी राहण्याची शक्यता नाही, कारण तिच्यात 'मूळचे' फारसे काही उरलेले नाही.

इथे प्रश्न अभिरुचीपुरता राहत नाही, तो कायद्याचा होतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी खाजगी गाड्यांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नोंदणीस पाच हजार. अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरती मुभा आहे. नियम व्हावेत अशी हौशी मंडळींची मागणी होतीच आणि ती रास्त होती. परंतु व्याख्येतली एक अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी. तिचा सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. ही अट काटेकोरपणे लावली तर पेटीत ठेवलेली गाडी वारसा ठरते आणि राबलेली गाडी बाद होते. ट्रक, टेम्पो, वडाप यांचा तर या व्याख्येत प्रवेशच नाही.

'मूळ रूप' ही कल्पनाच तपासून पाहायला हवी. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ च्या सुमारास तोरिनो सनद म्हणून ओळखला जाणारा दस्तऐवज स्वीकारला. प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी असलेल्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर तो बेतलेला आहे. वाहनाच्या कार्यकाळात त्यात झालेले बदल हे त्याच्या इतिहासाचेच अंग आहेत आणि नव्यासारखे चकचकीत करण्यापेक्षा आहे ते जपणे श्रेयस्कर, असा त्याचा रोख आहे. जुन्या वाड्याच्या बाबतीत हे आपल्याला पटते: पेशवाईतल्या वाड्याला इंग्रजी अमदानीत लागलेला कठडा आपण उपटून टाकत नाही. मग ज्या गाडीत सांगलीच्या कारागिराने स्वतः कातलेला भाग चाळीस वर्षे निमूट काम करतो आहे, तो भाग 'अस्सल नाही' म्हणून तिचे गुण का कापावेत? आमच्या मते तिथे गुण वाढायला हवेत.

याच संदर्भात देवराष्ट्रे या गावची घटना आठवावी. कडेगाव तालुक्यातले हे गाव यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून प्रसिद्ध. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जुळवून एक चिमुकली चारचाकी तयार केली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या अखेरीस तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले, ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी ती थांबवतील हेही सांगितले, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. या देवघेवीत कोणाचाच हेतू वाईट नव्हता. पण विचार करावा असे त्यात पुष्कळ आहे. एका कारागिराच्या बुद्धीचे चीज व्हायचे तर अपघाताने चित्रफीत पसरावी लागते, आणि चीज झाल्यावर त्याची कृती त्याच्या अंगणातून दूर जाते. त्या प्रकारची बुद्धी ज्या परंपरेतून येते, तिची नोंद मात्र कोणाकडेच राहत नाही.

यावर आक्षेप येतील, आणि त्यांत तथ्य आहे. पहिला असा की छंद खाजगी असतो. ज्याने स्वतःचे पैसे घालून गाडी वाचवली त्याला उपदेश करणारे आम्ही कोण? खरे आहे. ही हौस नसती तर कित्येक गाड्या किलोच्या भावाने गेल्या असत्या, आणि हौशी मालकांनीच आज कित्येक वृद्ध कारागिरांना काम दिले आहे. दुसरा आक्षेप असा की अस्सलपणाचा आग्रह सोडला तर कोणीही कसलाही जोडतोड केलेला सांगाडा वारसा म्हणून आणून उभा करील. हेही खरे, म्हणूनच आम्ही नोंदीचा आग्रह धरतो. कोणता भाग कधी, कोणी, कशासाठी बदलला हे लिहिलेले असेल तर तो इतिहास. लिहिलेले नसेल तर नुसती जोडतोड. फरक कागदाचा आहे आणि तो कागद तयार करणे मंडळांना अगदी सहज शक्य आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. सातारा-सांगली भागात जी जुन्या गाड्यांची हौशी माणसे आहेत, त्यांनी वर्षातल्या एका फेरीइतकेच महत्त्व एका वहीला द्यावे. प्रत्येक गाडीमागे तिला हात लावलेल्या मिस्त्री, फिटर, टर्नर, डेंटर, रंगारी यांची नावे, गावे आणि त्यांनी केलेले काम त्यात उतरावे. जे हयात आहेत त्यांना फेरीच्या दिवशी परीक्षकांच्या शेजारी खुर्ची द्यावी. बॉनेटखाली काय आहे हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? फेरीत एक जागा राबलेल्या गाड्यांना राखावी. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यात तयार झालेली 'प्रिया' आता पन्नाशीच्या आसपास पोहोचते आहे. ती कोणा राजाची नव्हती. ती शिक्षकांची, कारकुनांची, दूधवाल्यांची होती. तिच्यासाठी लोकांनी नंबर लावून वाट पाहिली आणि मिळाल्यावर तिला हार घातला. साताऱ्याच्या फेरीत साताऱ्याची स्कूटर नसेल तर ती फेरी कोणत्याही गावाची असू शकते.

या भागाला अशा नोंदीची परंपरा नवी नाही, हे साहित्याच्या वाचकांना सांगायला नकोच. १९२० साली किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली ती कारखान्याचे वृत्त देणारी पत्रिका म्हणून. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती तिचे पुढे मराठीतले एक महत्त्वाचे मासिक झाले. नांगर आणि पंप करणाऱ्यांच्या जगात लिहिण्याजोगे काही आहे, असा विश्वास शंभर वर्षांपूर्वी या माळावर कोणाला तरी वाटला होता. आज गॅरेजातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे आवाजावरून इंजिनाचा दोष ओळखण्याची जी विद्या आहे, ती त्याच्या मुलाने घेतलेली नाही, कारण नव्या गाड्यांना तिची गरज उरलेली नाही. गाडी झाकून ठेवता येते, विद्या झाकून ठेवता येत नाही. ती एक तर दुसऱ्याला द्यावी लागते किंवा लिहून काढावी लागते. पुढच्या हंगामात फेरी काढू इच्छिणाऱ्यांनी झेंडा दाखवायला कोणाला बोलवायचे याची चर्चा अवश्य करावी, पण त्याआधी एक वही आणावी.