कॅनॉलकाठचा रस्ता सायकलींना द्या

पुण्यात सायकल नव्याने हाती घेणाऱ्याला बहुधा सिंहगडाचा चढ किंवा सोलापूर महामार्ग सुचवला जातो. एका ठिकाणी दम निघतो, दुसरीकडे जीव मुठीत येतो, आणि सायकल जिन्याखाली जाते. नवख्याला हवा सपाट, शांत रस्ता. त्याचा पाया तर कधीचाच तयार आहे. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा शहर ओलांडून दौंड-इंदापूरकडे जातो. पाणी केवळ उताराच्या बळावर वाहायचं म्हणून कालवा टेकड्यांना वळसे घालत, जवळजवळ एकाच पातळीवर आखलेला असतो. त्यामुळे देखरेखीसाठी काठाने केलेली वाटही तितकीच सपाट असते. शहराबाहेरचा दहाएक किलोमीटरचा पट्टा निवडून मुरूम दाबून घेतला, बाभळीचे काटे नियमित झाडले, तर नवख्याचं निम्मं भय तिथेच संपेल.

पाण्याचा धोका खरा आहे. अस्तर केलेला उतार शेवाळलेला असतो, पडलेल्याला वर चढणं अवघड. म्हणून रुंद भराव असलेलाच भाग घ्यावा आणि पाण्याच्या बाजूने कठडा उभारावा. भराव खचेल, ही भीतीही समजण्यासारखी आहे. 2018 मध्ये दांडेकर पुलाजवळ कालवा फुटल्यावर किती घरं उद्ध्वस्त झाली, ते पुण्याने पाहिलं. पण भरावाला सायकलचं ओझं ते काय! उलट रोजची वर्दळ असली की झिरपणारं पाणी, घुशी-खेकड्यांची बिळं लवकर नजरेस येतील. मोटारी अडवायला तोंडाशी लोखंडी खांब रोवावेत, फक्त सायकलचं हँडल निघेल इतक्या अंतराने. कालव्याची देखरेख करणाऱ्या खात्याच्या जीपसाठी त्यातला एक कुलपाचा ठेवावा.