मनूचा मासा आणि आमची काचपेटी

या खेपेस आमच्या घरी गेल्या वर्षी राहावयास आलेल्या एका निराळ्याच बिऱ्हाडाविषयी लिहावयाचे योजिले आहे. आमचे वास्तव्य भाईंदरनजीक खारी येथे. नातीच्या हट्टाखातर दिवाणखान्यात साठ लिटरांची काचेची पेटी आली आणि तीत सहा काळे मॉली मासे सोडण्यात आले. आमच्या थोरल्या भगिनींनी, म्हणजे सर्वांच्या अक्कांनी, प्रथम नाक मुरडले. परंतु या माशांस शेवाळ आणि उकडलेला पालक विशेष प्रिय, असे समजताच त्यांचा विरोध पुष्कळच मावळला.

ते सहाही मासे आमच्याच हातून मेले, हे आधी सांगितले पाहिजे. पेटी किंचित गढूळ दिसली म्हणून आम्ही एके शनिवारी सारे पाणी उपसले, तळाची वाळू आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला आणि पेटी ताज्या पाण्याने काठोकाठ भरली. देवघरातील उपकरणी उजळल्याइतके समाधान झाले. मंगळवारपर्यंत पेटी रिकामी झाली. नातीने विचारले, “आजोबा, आपण पाणी फार स्वच्छ केले म्हणून मेले का?” चाळीस वर्षे मुलांच्या प्रश्नांस उत्तरे देण्यात घालविली; या प्रश्नास मात्र आम्ही तेव्हा चटकन ‘होय’ म्हटले नाही.

उत्तर ‘होय’ असेच होते. माशाच्या श्वसनातून व मलातून अमोनिया हे विष पाण्यात उतरते. वाळूवर व स्पंजावर वस्ती करणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे नायट्राइट करितात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे पुढे नायट्रेट करितात, आणि ते बरेच निरुपद्रवी असते. ही वस्ती बसण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही ती एका दुपारी धुऊन टाकिली, आणि जे काही उरले असेल त्यास नळाच्या पाण्यातील क्लोरीनने गाठले.

दुसऱ्या खेपेस आम्ही रिकामी पेटीच पाच आठवडे चालविली. रोज चिमूटभर खाद्य आत कुजू दिले आणि परीक्षेचे थेंब टाकून अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईतो वाट पाहिली. शेजारी पाजारी हसले. आता दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलितो, तेही एक दिवस उघड्या बादलीत ठेविलेले. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावयाचा. नळाखाली कदापि नाही.

मॉली मूळची मेक्सिकोकडील. हे नाव कोणा मुलीचे नव्हे. लेस्यूर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८२१ साली मोलियां नामक फ्रेंच मंत्र्याच्या नावावरून या माशांस नाव दिले, त्याचे हे लाडके रूप होय. समुद्रकाठच्या मचूळ पाण्यातही हे मासे सुखाने नांदतात. मृदू पाण्यात मात्र ते पुष्कळदा एका जागी थरथरत राहतात. याकरिता आम्ही फिल्टरमध्ये धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा ठेविला. त्यातील चुना हळूहळू विरघळतो. शिवाय लिटरास सुमारे एक ग्रॅम याप्रमाणे साधे खडे मीठ आधी विरघळवून घातले. मिठागरांच्या मुलुखात मीठ विकत आणावे लागते, यावर अक्कांची टीका झालीच.

या वेळी आम्ही जाणूनबुजून तीन माद्याच आणिल्या. वंशवृद्धीचे लचांड नको होते. महिन्याभराने पाहतो तो पानांआड इवलाली पिल्ले! घरात बराच विनोद झाला. मॉली अंडी घालीत नाही, जिवंत पिल्लांस जन्म देते. आणि एका समागमाचे बीज साठवून मादी नराविना पुढेही कित्येक वेळा वितात, हे आम्हांस मागाहून कळले. आईच पिल्ले खाते हे पाहून नात रडली. तेव्हा पेटीच्या एका कोपऱ्यात पाणवनस्पतींची दाट जाळी केली. गाभण मादीस अरुंद डबीत कोंडण्यापेक्षा हा उपाय आम्हांस बरा वाटतो. दुसऱ्या वेताची एकोणीस पिल्ले त्या जाळीने वाचली.

एवढ्यांचे करावयाचे काय? शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा वाचकांस ठाऊक असेलच. हात धुण्याच्या पाण्यात सापडलेला मासा त्याने आधी कुंभात ठेविला, मग खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात सोडिला. अक्कांनी त्याच आधारे पिल्ले विहिरीत किंवा खाडीत सोडून पुण्य जोडावे, असे सुचविले. आम्ही प्रथमच त्यांस स्पष्ट नकार दिला. मनूचा मासा तेथलाच होता; आमचा परदेशी आहे. खारे पाणी सोसणारा आणि महिन्या-दीड महिन्याला विणारा हा मासा जगात अनेक ठिकाणी मोकळा सुटून तेथील लहान माशांच्या अन्नावर व जागेवर हक्क सांगून बसला आहे. अक्का दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत.

आता पिल्ले जाणत्या घरी द्यावयाची आणि पुढे नर व माद्या वेगळ्या ठेवावयाच्या, असे ठरले आहे. दोन घरी दिली. तिसऱ्या घरी पेटी मांडून झाली आहे, पण तेथील पाणी तयार होण्यास अद्याप पंधरा दिवस आहेत, आणि तोवर एकही मासा हलवावयाचा नाही, असे नातीने त्या गृहस्थांस दारातूनच सांगितले.