बंदी उठवावी केव्हा?

साथीच्या काळात सीमा बंद करण्यास फार विचार लागत नाही. ती पुन्हा केव्हा उघडावी, हा निर्णय मात्र भल्याभल्या राज्यकर्त्यांना पेलत नाही. 2020 च्या मार्चमध्ये भारताने थांबविलेली आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक नियमितपणे सुरू व्हावयास 27 मार्च 2022 उजाडावा लागला. मध्यंतरी निवडक देशांशी करार होऊन काही विमाने उडत होती. पण अमुक देशास मुभा आणि तमुकास नाही, यामागची कसोटी सामान्य प्रवाशास उमगली असेल, असे आम्हांस वाटत नाही.

हा प्रश्न परराष्ट्रांपुरता आहे असे कोणी समजू नये. पुण्याहून सुमारे 40 किलोमीटरवर पानशेत आहे. 2020 व 2021 च्या पावसाळ्यांत जिल्हा प्रशासनाने धरणांच्या व किल्ल्यांच्या परिसरात पर्यटकांस मज्जाव केला. तो योग्यच होता. शहरात साथ पेटलेली असता रविवारच्या मोटारींची रांग वेल्ह्याच्या बाजूच्या खेड्यांत सोडणे म्हणजे जेथे इस्पितळ दूर तेथे रोग पोचविणे होय. परंतु त्याच रस्त्यावर कणसे भाजणारी बाई आणि पिठले-भाकरीची खानावळ चालविणारे कुटुंब यांची वर्षाची मिळकत पावसाळ्यातील शनिवार-रविवारांवर अवलंबून असते. त्यांस रोगाचे भय होते, तितकेच पुणेकर न येण्याचेही होते. बंदी किती आठवडे चालेल, कशाने उठेल, हे त्यांस आधी कळले असते तर निदान उधारी कोणाकडे व किती करावी एवढा हिशेब तरी मांडता आला असता.

कसोटी जाहीर नसली म्हणजे काय विसंगती घडते, हे त्याच वर्षी महाराष्ट्राने पाहिले. 20 ऑगस्ट 2020 पासून परजिल्ह्यात जाणाऱ्या एस.टी.च्या प्रवाशास ई-पास नको होता. स्वतःच्या मोटारीने एकटा जाणाऱ्यास मात्र तो लागे. अनोळखी प्रवाशांच्या शेजारी बसलेला मनुष्य निर्धोक आणि एकटा बसलेला संशयास्पद, हे कोणत्या वैद्यकशास्त्रात बसते? सप्टेंबरच्या आरंभी ई-पास गेला, परंतु तोवर नियमावरचा लोकांचा विश्वासही बराचसा गेला होता.

मोठ्या राष्ट्रांचा व्यवहार याहून शहाणपणाचा होता असे नाही. 2021 च्या सप्टेंबरात ब्रिटनने कोविशिल्ड घेतलेल्या भारतीय प्रवाशांस लस न घेतलेल्यांच्या रांगेत बसविले. ऑक्सफर्डच्या संशोधनातून निघालेली ही लस आमच्या पुण्यात तयार होत होती, आणि पुण्यात तयार झालेले डोस ब्रिटननेही आपल्या नागरिकांस टोचले होते! पुढे आक्षेप लसीवरून प्रमाणपत्रावर सरकला. 4 ऑक्टोबरपासून भारताने ब्रिटिश प्रवाशांस दहा दिवसांचे विलगीकरण लावले आणि 11 ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपली अट सोडली. त्या एका आठवड्यात विषाणू बदलला नव्हता. दार उघडले ते प्रत्युत्तराने.

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत याला उपाय नाही असे नव्हे. वाहतुकीत मोठा अडथळा आणणारे जादा निर्बंध घालणाऱ्या राष्ट्राने 48 तासांत त्यांचे कारण जागतिक आरोग्य संघटनेस कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत त्यांचा फेरविचार करावा, असे ते नियम सांगतात. पाळणारे थोडे, हा भाग निराळा. आमच्या मते पहिले कलम जिल्ह्याच्या हुकुमासही लागू करण्याजोगे आहे. फेरविचाराला मात्र तीन महिने फार झाले. तेवढ्या अवधीत पानशेतचा पावसाळा संपून जातो. तेथे पंधरवडा पुरे.

खडकवासल्याचे पाणी नदीत सोडावयाचे असले की किती क्युसेक सोडणार ते जाहीर होते आणि काठच्या वस्त्यांस आगाऊ सूचना जाते. बंदीच्या हुकुमातही पहिल्याच दिवशी असेच आकडे असावेत: तालुक्यात प्राणवायूच्या किती खाटा रिकाम्या असल्या, किती लोकांचे लसीकरण झाले आणि शहरातील रुग्णसंख्या किती उतरली, म्हणजे रस्ता मोकळा होईल. हे आकडे ठरविताना त्या गावांच्या सरपंचांस कचेरीत बोलावून घ्यावे, आणि हुकूम ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागावा. पुढची साथ केव्हा येईल हे कोणासच सांगता येणार नाही. हा मसुदा मात्र जिल्हाधिकाऱ्यांस आजच तयार करून ठेवता येईल.