देवाच्या घरचा वारस कोण ?

ख्रिस्ती उपदेशक बाजारांत उभा राहिला कीं, "येशू हा देवाचा पुत्र आहे" हें वाक्य तो हटकून बोलतो, आणि ऐकणाऱ्यांपैकीं कोणीतरी लागलाच विचारतो, "देवाला बायको नाहीं, मग पुत्र कोठून झाला?" लोक हंसतात, उपदेशक चिडतो, आणि मूळ गोष्ट तशीच राहते. थट्टेनें कोणतेंही मत खोडलें जात नाहीं आणि रागानें तें सिद्धही होत नाहीं. दुसऱ्याच्या धर्मांत काय लिहिलें आहे तें आधीं नीट पाहावें. पटेल तें घ्यावें, न पटेल तें सोडावें. म्हणून ‘देवाचा पुत्र’ हा शब्द बायबलांत कोणाकोणाला लाविला आहे, तें आज आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

बायबलाचा पहिला भाग जुना करार. तो मूळचा यहुदी लोकांचा धर्मग्रंथ. त्यांत मिसर देशची हकीकत आहे. तेथें इस्राएल लोक फारो राजाच्या वेठीला धरलेले होते. चिखल तुडवावा, विटा पाडाव्या आणि पाठीवर मार खावा, हें त्यांचें जिणें. निर्गम या पुस्तकाच्या 4 थ्या अध्यायांत देव मोशेकडून फारोला निरोप पाठवितो, त्याचा आशय असा कीं, हे लोक माझा वडील मुलगा आहेत, त्यांना सोड. पुढें त्याच लोकांत राजे झाले, तेव्हां दाविदाच्या गादीवर बसणाऱ्यालाही देव आपला पुत्र म्हणतो. यावरून बायको कोठून आली हा प्रश्नच उरत नाहीं. देवानें ज्याला आपला म्हटलें आणि ज्याच्यावर आपलें काम सोंपविलें, तो त्याचा पुत्र, असा या शब्दाचा जुना अर्थ आहे.

आतां रोमच्या बादशाहीकडे पाहूं, कारण येशूचा देश तिच्याच अंमलाखालीं होता. ज्यूलियस सीझर याचा इ. स. पूर्वी 44 सालीं खून झाला. त्यानें मृत्युपत्रांत आपल्या बहिणीच्या नातवाला दत्तक घेतलें होतें. सीझर देव झाला असें रोमच्या सभेनें ठरविलें, तेव्हां हा दत्तक वारस स्वतःला देवाचा पुत्र म्हणवूं लागला. हाच ऑगस्टस बादशहा. त्याच्यामागून आलेल्या टायबेरियसाच्या नाण्यावरही तो देव ऑगस्टसाचा पुत्र असल्याचा छाप असे. म्हणजे देवाचें पुत्रपण हा राज्यकर्त्यांचा किताब होऊन बसला होता !

त्याच अमदानींत गालील प्रांतांतल्या नासरेथ गांवीं एक सुतार होता. मार्काच्या 6 व्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, तो उपदेश करूं लागला तेव्हां गांवकरी म्हणाले, हा तर आपला सुतार, याला एवढी अक्कल कोठून आली ? वांकस आणि करवत धरणाऱ्याच्या तोंडून ज्ञान ऐकावयाचें म्हणजे त्यांना कमीपणा वाटला. आमच्या कारागीर बंधूंना हें बोलणें नवें नाहीं. त्या सुताराला रोमच्या सुभेदारानें वधस्तंभावर चढविलें, आणि पायथ्याशीं उभा असलेला रोमचाच एक सेनाधिकारी, हा खरोखर देवाचा पुत्र होता, असें बोलला, असें मार्क लिहितो. बादशहाच्या नाण्यावरचा किताब फांसावर गेलेल्या सुताराला मिळाला, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

हें पुत्रपण येशूनें एकट्यापुरतें ठेविलें काय ? मत्तयाच्या 5 व्या अध्यायांत तो सांगतो कीं, सलोखा करणाऱ्यांना देवाचे पुत्र म्हणतील. आणि शत्रूवरही प्रेम करा, म्हणजे तुम्ही त्या बापाचे पुत्र व्हाल, जो भल्याच्या आणि बुऱ्याच्या शेतावर सारखाच पाऊस पाडतो. पाऊस बांध पाहून पडत नाहीं, हें शेतकऱ्याला सांगावयास नको. पुढें पौलानें दत्तकाचाच दाखला घेतला. दत्तक मुलाला घराचें नांव मिळतें आणि वारसाही मिळतो. तसे तुम्ही आतां गुलाम नसून पुत्र आहां, आणि पुत्र म्हणून वारस आहां, असें तो लिहितो. या घरांत यहुदी आणि ग्रीक, दास आणि मोकळा, पुरुष आणि स्त्री असा भेद उरत नाहीं, हेंही त्याचेंच म्हणणें. दुसऱ्या एका पत्रांत तो पुत्रांबरोबर कन्यांचेंही नांव घेतो.

तरी योहानाच्या शुभवर्तमानांत येशूला देवाचा एकुलता एक पुत्र म्हटलें आहे, हें लपवून चालणार नाहीं. यावरूनच मोठा वाद पेटला. अलेक्झांड्रियाचा अरियस म्हणे, पुत्र हाही देवानें निर्माण केलेला आहे. इ. स. 325 सालीं कॉन्स्टंटाइन बादशहानें नायसिया येथें बिशपांची सभा बोलाविली. पुत्र निर्माण केलेला नाहीं, तो बापाशीं एकाच तत्त्वाचा आहे, असें तेथें ठरलें. तो ठराव धरून बसल्यापायीं अथेनेशियस बिशपाला पांच वेळां हद्दपार व्हावें लागलें. हा वाद पोकळ नव्हता. जो स्वतःच घरचा नाहीं, तो इतरांना घरांत वांटा कसा देणार, हें त्या पक्षाचें म्हणणें विचार करण्याजोगें आहे.

पण आमचा सवाल पुढचा आहे. एका पुत्राचें तत्त्व ठरविण्यासाठीं एवढ्या सभा भरल्या. बाकीच्या लेंकरांच्या वांट्याचें काय झालें? ज्या राष्ट्रांच्या देवळांत पौलाचीं पत्रें वाचलीं जात, त्यांच्याच गलबतांतून आफ्रिकेचे गुलाम नेले जात. ब्रिटिश पार्लमेंटनें गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला तो 1833 सालीं. अमेरिकेच्या राज्यघटनेनें ती बंद केली 1865 सालीं. हिंदुस्थानांतही कित्येक ख्रिस्ती मंडळ्यांत जातवार बैठका शिल्लक राहिल्या. मात्र गुलामांच्या बाजूनें भांडणाऱ्यांतही याच ग्रंथाचा आधार घेणारे पुष्कळ होते, हें न्यायानें सांगितलें पाहिजे.

जोतीराव फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहींत. पण गुलाम मोकळे करणाऱ्या अमेरिकन लोकांना त्यांनीं 1873 सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अर्पण केलें. आणि त्याच सालच्या 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापिला. सर्व माणसें एका देवाचीं लेंकरें आहेत आणि लेंकराला आईबापांशीं बोलावयास दलाल लागत नाहीं, हें त्या समाजाचें मुख्य तत्त्व होय.

तात्पर्य, वाचकहो, देवाला बायको होती काय, असें विचारून उपदेशकाला हिणवूं नका. त्याला एवढेंच विचारा : बाबा, तुझ्या देवाच्या घरीं दत्तकाचा वांटा औरसाबरोबर आहे, असें तुझा ग्रंथ सांगतो, मग तुझ्या देवळांत शेवटच्या बांकावर कोण बसतो? आणि हाच प्रश्न घरीं परतल्यावर आपल्या पाणवठ्यावर, आपल्या पंगतींत आणि आपल्या मुलीबाळींच्या वांट्याविषयीं स्वतःलाही विचारा. बाप एक म्हणावयाचा आणि भावाला दाराबाहेर उभा करावयाचा, हें कोणत्याही धर्मांत शोभत नाहीं.